उजवीकडचे वॅट

४ सप्टेंबर

लेक म्हणाली, "बाबा, काही नवीन बनवताय तर तारखा टाकून लिहून ठेवा. उद्या कुणी म्हणालं ही कल्पना आमची, तर दाखवता येईल." म्हणून हे लिहिणं. युन-रू शिन्चूला चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, तिला या गोष्टी कळतात. मला पेडलचे दांडे कळतात. धंद्यात आम्ही त्यांना क्रँक म्हणतो. वाइपूतल्या या शेडमध्ये मी उभ्या आयुष्यात इतके क्रँक घासून, भोकं पाडून, चकचकीत करून दिलेत की जगातल्या कुठल्याही घाटात आत्ता कुणीतरी माझ्या हातच्या दांड्यावर पाय देऊन धापा टाकत असेल. नाव मात्र प्रत्येक दांड्यावर दुसऱ्याचं. माझं चुओ मू-शेंग हे नाव फक्त वीजबिलावर येतं.

आता मूळ गोष्ट. आमच्या सायकल क्लबचा म्होरक्या आ-खुन. दाज्या गावात त्याचं हंसाच्या मांसाचं दुकान आहे आणि तोंड दुकानापेक्षा मोठं आहे. त्याने पॉवर मीटर घेतलं. पाय किती जोर लावतोय ते वॅटमध्ये सांगणारं यंत्र, पेडलमध्येच बसवलेलं. किंमत सांगताना त्याचासुद्धा आवाज खाली गेला. तेवढ्यात क्लबातल्या निम्म्या लोकांची अख्खी सायकल येते. तेव्हापासून चहाला थांबलो की हा चष्मा कपाळावर सरकवून जाहीर करतो, "आज दोनशे पंधरा." आणि बाकीचे माना डोलावतात.

मी म्हणालो, "यात आहे काय एवढं? मी बनवतो."

"बनव की," आ-खुन म्हणाला. "नोव्हेंबरअखेर आपण वुलिंगचा घाट चढणार. तोवर बनव. बरोबर निघालं तर अख्खा क्लब तुझं घेईल, तुझं नाव कोरलेलं. चुकीचं निघालं तर वर्षभर सगळ्यांचा चहा तुझ्याकडून."

चहाचं सोडा. नाव कोरलेलं, हे ऐकून माझे कान गरम झाले.

१२ सप्टेंबर

पेडल दाबलं की दांडा वाकतो. डोळ्याला दिसत नाही, पण वाकतो. मला विचारा. त्या वाकण्याच्या जागी कागदाहून पातळ पट्टी चिकटवायची. दांड्याबरोबर पट्टीही ताणते, तिच्यातून जाणाऱ्या विजेत फरक पडतो, आणि तो फरक व पायाचा वेग मिळून वॅट निघतात. पट्टी अगदी स्वस्त. दांडा घरचाच. युन-रूने नखाएवढा इलेक्ट्रॉनिक तुकडा पाठवलाय, तो आकडे फोनवर धाडतो.

सगळी स्वस्त मीटरं फक्त डाव्या दांड्यावर पट्टी लावतात आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करतात. माणसाला दोन पाय असतात आणि दोन्ही सारखे असतात, असा त्यामागचा हिशोब. मीही तसंच केलं. दांड्याची आतली बाजू बारीक कागदाने घासली, पुसली, एकाच दिशेने, पुन्हा मागे हात न नेता. मग पट्टी टेकवून अंगठ्याने दाबून धरली. श्वाससुद्धा बेताने घेत होतो. असं काम आज वाइपूत दुसरं कुणी करेल का, शंका आहे.

माझ्या बायकोने, पी-श्याने, तेवढ्यात कुरकुर केलीच. माझी उजवी चप्पल पुन्हा अंगणात मधोमध पडलेली होती. त्या चपला तिनेच आणल्यात, ढिल्या आहेत, तसं मी तिला सांगितलं.

२१ सप्टेंबर

दोनशे तीस वॅट! चढावर! वयाच्या एकसष्टाव्या वर्षी!

थांबा, शांतपणे लिहितो. आज तिएझेनशानचा चढ. माझं मीटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट चाललं, एकदाही तुटलं नाही. सरासरी दोनशे तीस. आ-खुनचे दोनशे बारा. मंदिरापाशी मी आकडा सांगितला. मग आ-खुन म्हणाला,

"आ-शेंग, एक विचारू? तुझे वॅट माझ्याहून जास्त."

"हो."

"वजनाने आपण सारखे."

"हो."

"मग मी वर येऊन, शेंगदाणे खाऊन, लघवीला जाऊन आलो तरी तू खालच्या वळणावर कसा? तुझे वॅट वाटेत सांडले का?"

सगळे हसले. मीही हसलो. साखळी कोरडी होती, वारा समोरून होता आणि माझी सायकल जुन्या लोखंडाची आहे. हे मी त्याला समजावलं. तो "हं हं" करत राहिला. जळतो झालं.

मंदिराच्या उंबऱ्याला बुटाचं टोक लागून जरा धडपडलो. हल्ली उंबरे उगाच उंच करतात.

३० सप्टेंबर

पी-श्याने नव्या चपला आणल्या, मागे पट्टा असलेल्या. बऱ्या आहेत.

आ-खुनचं बोलणं डोक्यातून जाईना. ठरवलं, उजवीकडेही पट्टी लावायची. दोन्ही पायांचं वेगळं मोजमाप. महागड्या यंत्रांत असतं तसं, पण माझ्या खर्चात. मग बघू वॅट कुठे सांडतात ते.

६ ऑक्टोबर

आज मध्य शरद पौर्णिमा. युन-रू घरी आली. शेडबाहेर निखारे पेटवून मांस भाजलं, पपनस सोललं, शेजारचे येऊन बसले. मी मधल्या वेळात सायकल मागचं चाक दाबून धरणाऱ्या स्टँडवर चढवून नवं मीटर दाखवलं. डावा एकशे पंधरा. उजवा सत्तर.

"असं कसं?" मी म्हणालो. "उजवी पट्टी बिघडलीये."

युन-रू फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, जरा त्या टोकापर्यंत चालत जाऊन चिमटा आणता?" एक चिमटा तिच्या हाताशीच होता, ते दुसरा आणून झाल्यावर लक्षात आलं.

नंतर स्वयंपाकघरात गेलो तर मायलेकींची कुजबुज एकदम थांबली. तिच्यासाठी एखादं स्थळ आलं असणार. मी काही विचारलं नाही. मुलगी सांगेल तेव्हा सांगेल.

जाताना ती म्हणाली, "पट्टी पुन्हा लावून बघा. आणि तरीही तसंच आलं तर मला लगेच फोन करा." एवढी काळजी तर माझ्या बायकोलाही माझ्या मीटरची नाही. लेक कुणाची!

१५ ऑक्टोबर

तसंच आलं. पट्टी खरवडली, दुसरी लावली. पुन्हा तसंच. वेगळ्या पाकिटातली लावली. तेच. उलट आता उजवा अडुसष्ट.

युन-रूला फोन केला. चाचपून बघायला म्हणून विचारलं, "उजवीकडच्या आकड्याला तिथल्या तिथे काहीतरी गुणून वाढवता येईल ना?"

"येईल," ती म्हणाली. "एका मिनिटाचं काम आहे. करू?"

आयुष्यभर मी एकच गोष्ट पाळली. माल मापात बसला नाही तर माल भंगाराच्या डब्यात. माप वाकवायचं नाही. गिऱ्हाईक उद्या येऊ दे की परवा, माप वाकवायचं नाही. "नको," मी म्हणालो.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा वेगळा वाटला. सर्दी झाली असेल. शिन्चूला वारा फार.

१९ ऑक्टोबर

आज गंमत झाली. पी-श्या स्वतःहून म्हणाली, "मी बसते तुझ्या सायकलवर."

"तू? तुला अंगणातसुद्धा सायकल येत नाही."

"ती उभी आहे ना? उभ्या सायकलवरून काय पडायचंय?"

अळूचे कंद सोलत होती, ते टाकून आली. एप्रनसकट चढली. मी खोगीर खाली केलं. सुरुवातीला ओरडली, मग हसायला लागली, मग जोरात मारायला लागली. गालावर रंग चढला तिच्या. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिला स्कूटर शिकवली होती तेव्हा अशीच हसली होती.

डावा चाळीस, उजवा एकोणचाळीस.

"बघ," ती म्हणाली. "चालतंय."

म्हणजे मीटर कमी जोराला नीट चालतं, जास्त जोराला चुकतं. हे महत्त्वाचं निरीक्षण आहे. इथे नोंदवून ठेवतो.

ती खाली उतरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हणालो, "छान चालवलीस." ती कंद सोलायला गेली.

२६ ऑक्टोबर

माझं निरीक्षण चुकलं. आ-खुनला बोलावून बसवलं. त्याने दात ओठ खाऊन पेडल मारले. एकूण दोनशे अठरा, दोन्ही पाय जवळजवळ सारखे. त्याची महागडी पेडलं माझ्याच दांड्यांना लावली होती, त्यांनीही तेच दाखवलं. एका वॅटचा फरक! आ-खुनचं तोंड बघण्यासारखं झालं. माझं मीटर त्याच्या मीटरच्या खांद्याला खांदा लावून उभं आहे. हा दिवस मी विसरणार नाही.

मग मी बसलो. डावा एकशे चौदा, उजवा सदुसष्ट.

आता उलगडा झाला. माझा डावा पाय जगावेगळा दणकट आहे, बाकी काही नाही. तीस वर्षं प्रेस मशिनचा पायपेडल दाबून डावा पाय लोखंडासारखा झालाय. हे मी पी-श्याला समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "तो पेडल उजव्या पायाचा होता."

शेडमध्ये जाऊन बघितलं. उजव्या पायाचाच आहे.

२ नोव्हेंबर

शेडच्या कोपऱ्यावर आमच्या भूमिदेवाचं छोटं देऊळ आहे. धंदा सुरू केला त्या दिवसापासून महिन्यातून दोनदा त्याला फळं आणि उदबत्ती. आज सकाळी गेलो. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे घेतले, हात जोडून मनात विचारलं, "देवा, उजवं मीटर बिघडलंय ना?" आणि तुकडे टाकले. एक पालथा, एक उताणा पडला तर देव हो म्हणतो. दोन्ही पालथे तर नाही.

दोन्ही उताणे पडले. म्हणजे देव हसला.

पुन्हा टाकले. पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही. मी जरा खूशच झालो. देव माझ्याशी थट्टा करतो म्हणजे लोभ आहे.

पी-श्या मागे संत्री घेऊन उभी होती. "प्रश्न चुकीचा असला की देव हसतो," ती म्हणाली. "एवढं तुला कुणी शिकवलं नाही? प्रश्न बदल."

मग मी विचारलं, "देवा, उजवं मीटर बरोबर आहे का?"

हो. हो. आणि पुन्हा हो.

८ नोव्हेंबर

देवाचं म्हणणं देवापाशी. मी कारागीर आहे, मला वजन लागतं.

दांडा आडवा करून चाक जखडलं. पेडलवर तांदळाचं पोतं टांगलं. डावीकडच्या पट्टीचा ताणाचा आकडा बघितला. मग उजवीकडे तेच पोतं. तोच आकडा. दुसरं पोतं वाढवलं. डावीकडे वाढलं तेवढंच उजवीकडे. वाण्याकडून जेवढी पोती आणता आली तेवढी टांगली. दोन्ही दांडे जुळ्या भावांसारखे एकच बोलले.

मीटर बरोबर आहे. मी बनवलेलं, माझ्या अंगठ्याने दाबून धरलेलं मीटर तंतोतंत बरोबर आहे! इतकं सरळ काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मी पी-श्याला ओरडून सांगितलं. ती बाहेर आली. पोत्याकडे तिने पाहिलंच नाही. माझ्या पायाकडे पाहत होती.

आणि मग मीही खाली पाहिलं. तिथेच पोत्यावर बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. पाय ओढतोस. जिन्यावर कठडा धरतोस. मी तुला सांगितलं होतं."

"कधी सांगितलंस?"

"रोज सांगत होते, म्हाताऱ्या. चप्पल पडते, चप्पल पडते. तू म्हणालास चप्पल ढिली आहे." ती माझ्या शेजारी बसली. "पोरगी म्हणाली, आई, बाबा आपलं ऐकणार नाहीत. यंत्राचं ऐकतील."

मला भीती वाटते. इथे लिहितो, कारण तोंडाने म्हणता येत नाही. माझ्या बापाचाही एक पाय असाच आधी ओढायला लागला होता.

१४ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटलं नाही. पी-श्या डॉक्टरचं नाव काढते, मी वुलिंगनंतर म्हणतो.

वुलिंग चढायचं तर सोपी वाट आहे. उजवी पट्टी बंद करायची. फक्त डावा दांडा, दुप्पट. जगभर तसंच विकतात, त्यात खोटं काही नाही. दोनशे तीस वॅट. मागे राहिलो तर सायकल जड. क्लब मीटर घेईल, नाव कोरलं जाईल, आणि पायाचं कुणाला कळणार नाही. हे सगळं मी कागदावर नीट मांडून बघितलं, कुठेच चूक सापडली नाही.

१६ नोव्हेंबर

आज सगळं झालं. जसं झालं तसं लिहितो.

आ-खुनच्या दुकानात सगळे जमले. हंसाचं मांस, आल्याचे काप, भाताच्या वाट्या. आकडे दाखवणारा माझा फोन टेबलाच्या मधोमध, मीटर लावलेली सायकल दाराशी स्टँडवर. मी उजवी पट्टी बंद करून आलो होतो. आता बोलायचं एवढंच राहिलं होतं.

पण आ-खुन आधी उभा राहिला. तो वाईट माणूस नाही, पण त्याला उभं राहायला आवडतं. "मित्रांनो," तो म्हणाला, "आपल्या आ-शेंगने मेहनत केली. पण खरं ते खरं. मी स्वतः पाहिलंय, मी बसलो तेव्हा एकदा जमलं, आणि लगेच तो बसला तर उजवी बाजू निम्म्याच्या जवळ कमी दाखवायला लागली. डावं बरोबर, उजवं खराब. स्वस्त वस्तू ती स्वस्तच. आ-शेंग, मनाला लावून घेऊ नकोस. चहा पाज आणि सोडून दे."

कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. एवढंच करायचं होतं. हसायचं, चहा कबूल करायचा, घरी जायचं. पाय माझा माझ्यापाशी राहिला असता.

उजवं खराब, म्हणे! ज्या दांड्यावर मी तीनदा पट्टी लावली, ज्याला तांदूळ टांगले, देवाला विचारलं, तो खराब?

मी उभा राहिलो. टेबल धरून उभा राहिलो, तेही सगळ्यांनी पाहिलं. आणि माझ्या तोंडून इतक्या जोरात निघालं की आतून आ-खुनची बायको कोयता घेऊन बाहेर आली.

"मीटर बरोबर आहे! दोन्ही बाजू बरोबर आहेत. पाय खराब आहे. माझा पाय!"

मी उजवी पट्टी सुरू केली, सायकल स्टँडसकट आत घेतली, सगळ्यांसमोर चढलो. उजवा पासष्ट. "बघा," मी म्हणालो. "एवढासा पाय आहे, तर एवढासाच दाखवतंय. हे असं मीटर असतं. लबाड मीटर पाहिजे असेल तर दुसरीकडे जा."

आ-खुनने चष्मा काढून पुसला. "लेका," तो म्हणाला, "हे तू चार महिन्यांपूर्वी का नाही बोललास?"

"चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे मीटर नव्हतं."

उद्या सकाळी तो गाडी घेऊन येणार आहे, मला तायचुंगच्या हॉस्पिटलात न्यायला. दुकान बंद ठेवून. आ-खुनने वादळातसुद्धा दुकान बंद ठेवलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

बापाचं दुखणं नाही. हे आधी लिहितो. पी-श्याने बाकावर बसल्या बसल्या माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

कमरेच्या मणक्यात शीर दाबली गेलीये. दुखत नव्हती म्हणून कळली नाही. डॉक्टर बाई तरुण आहेत, पण नीट बोलतात. टाचेवर चालायला लावलं. डाव्या टाचेवर चाललो, उजवी उचललीच गेली नाही. त्या म्हणाल्या, "काका, असे लोक बहुतेक वेळा फार उशिरा येतात. आणखी सहा महिन्यांनी आला असतात तर मला वेगळं बोलावं लागलं असतं. ऑपरेशन करू. किती ताकद परत येईल ते आज कुणीच सांगू शकणार नाही. तुमच्या लक्षात कसं आलं?"

"मीटर केलंय मी," मी म्हणालो, आणि पुढची वीस मिनिटं त्यांना सांगत बसलो. बाहेर रांग होती. आ-खुन दारातून डोकावून म्हणाला, "डॉक्टर बाई, याला थांबवा, नाहीतर तुम्हालाही एक विकेल."

३० नोव्हेंबर

आज सगळे वुलिंगला गेले. मी खिडकीशी, पाठीला पट्टा. ऑपरेशन नीट झालं म्हणतात. पाय अजून झोपलेला आहे.

दुपारी फोन आला. वरून, धुक्यातून, वाऱ्यात ओरडत. आ-खुन माझे दोन्ही दांडे लावून चढला होता. "आ-शेंग! सगळ्यांना हवंय! पण दोन्ही बाजूंचंच. डावं-दुप्पटवालं कुणालाच नको!"

"का?" मी मुद्दाम विचारलं.

"का काय? सगळे साठीच्या पुढचे आहोत, मूर्खा!"

फोन ठेवल्यावर खूप वेळ एकटाच हसत होतो.

२४ जानेवारी

डॉक्टर बाईंनी आज स्टँडवरची सायकल चालवायची परवानगी दिली. अगदी हळू, दम लागायच्या आत थांबायचं.

सगळ्यांना कसं कळलं देव जाणे. पी-श्या मागे खोगीर धरून उभी, जणू सायकल पळून जाणार होती. युन-रू फोनच्या पडद्यावर. आ-खुन आणि क्लबातली माणसं शेडच्या दारात, हातात केळी आणि दुधाचे डबे. मी चढलो. उजवा पाय पेडलवर ठेवला. ठेवला, म्हणजे मीच ठेवला, हाताने उचलून नाही.

पहिले काही फेरे डाव्यानेच ओढून नेले. मग उजव्याने खाली ढकललं. मला जाणवलं ते. आकडा बघायच्या आधी जाणवलं.

"किती?" पी-श्याने विचारलं.

डावा एकोणतीस. उजवा एकवीस. दोन्ही मिळून पन्नास. पोरंसुद्धा शाळेत जाताना याहून जास्त लावतात.

आ-खुनने मान पुढे काढून पडद्याकडे बघितलं. त्याचे डोळे ओले होते, म्हणून त्याने थट्टा करायचं ठरवलं. "एकवीस? मीटर बिघडलं वाटतं तुझं."

"मीटर बरोबर आहे," मी म्हणालो. मला कळत होतं की माझा आवाज फाटतोय, पण मी तो खाली आणला नाही. दारातल्या शेवटच्या माणसाला, रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा ऐकू जावं असा म्हणालो. "उजवा एकवीस. एकवीस वॅट, माझे!"